सुरुंग काढणारे हात: खडकीच्या सफरमैनांपासून पुलगावच्या मजुरांपर्यंत



आपल्या पिंपरी-चिंचवड भागात घर घ्यायचं म्हटलं की एक प्रश्न हमखास विचारला जातो: जागा रेड झोनमध्ये येते का? देहूरोडच्या दारूगोळा साठागाराभोवती २००० यार्डांपर्यंत बांधकामाला बंदी आहे. तळवडे, निगडी, रावेतच्या लोकांना हे अंतर तोंडपाठ असतं. दिघीच्या मॅगझिनभोवतीही असाच पट्टा आहे. पण हा पट्टा कशासाठी आहे आणि त्याच्या आत काम करणाऱ्या माणसांच्या शरीराला कोणता धोका असतो, हे मात्र फारसं बोललं जात नाही. आजच्या लेखात त्यातल्याच एका कामाची गोष्ट सांगणार आहे. जमिनीत पुरलेले सुरुंग शोधणं, ते काढणं आणि जुना दारूगोळा नष्ट करणं, हे ते काम. हा इतिहास बराचसा आपल्या आजूबाजूलाच घडला आहे. शिवाय कारखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने त्यातून घ्यावं असं बरंच काही आहे.

सफरमैना पलटण

जुन्या लोकांच्या बोलण्यात 'सफरमैना' हा शब्द येई. इंग्रजांच्या 'सॅपर्स अँड मायनर्स'चं ते देशी रूप. पूल बांधणं, रस्ते करणं, सुरुंग पेरणं आणि शत्रूने पेरलेले सुरुंग काढणं, हे या पलटणीचं काम. तिच्यातल्या बॉम्बे सॅपर्सचं घर म्हणजे आपलं खडकी. थोडं पुढे दापोडीला सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आजही सैन्यातले अभियंते तिथे शिकतात. म्हणजे नाशिक फाट्याकडून पुण्याला जाताना ज्या भिंतींशेजारून आपण रोज जातो, त्यांच्या आत हे शास्त्र शिकवलं जातं.

या पलटणीतले सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत १९४१ साली पूर्व आफ्रिकेत होते. सुदानच्या सीमेवरून अबिसीनियात माघार घेणाऱ्या इटालियन सैन्याने वाटेत जागोजाग सुरुंग पेरले होते. ३१ जानेवारीपासून चार दिवस भगत सैन्याच्या सगळ्यात पुढच्या गाडीत बसून वाट मोकळी करत गेले. ५५ मैलांच्या रस्त्यावर त्यांनी सुरुंगांची १५ क्षेत्रं शोधून साफ करून घेतली. दोनदा त्यांची गाडी सुरुंगावर उडाली आणि बरोबरची माणसं जखमी झाली, मेली. भगतांच्या एका कानाचा पडदा फाटला. थकून गेलेल्या या तरुण अधिकाऱ्याला विश्रांती देऊ केली, तेव्हा त्यांनी नकार दिला. आता आपल्याला या कामाचा अनुभव आला आहे, तेव्हा ते आपणच पुरं करावं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धात हा सन्मान मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी.

हातात धरून चालवायचा सुरुंगशोधक मोठ्या प्रमाणावर वापरात आला तो त्यानंतर, १९४२ साली अल अलामेनच्या लढाईत. युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने तो तयार केला होता. त्याआधी खरा भरवसा डोळ्यांवर, टोचून बघायच्या सळईवर आणि नशिबावर असे.

दुसरं नाव आपल्याला अधिक जवळचं. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, मूळचे कारवारजवळच्या चेंडियाचे, तेही बॉम्बे सॅपर्सचेच. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते. रस्ता डोंगराळ, सुरुंग पेरलेला आणि तोडलेल्या झाडांनी अडवलेला. ८ एप्रिलला काम सुरू होण्याआधीच शत्रूच्या उखळी तोफांचा मारा सुरू झाला. राण्यांच्या तुकडीतले दोघे ठार झाले आणि पाच जण जखमी. त्या पाचांत स्वतः राणेही होते. त्यांनी उरलेली माणसं गोळा केली आणि कामाला सुरुवात केली. ते रात्री दहापर्यंत आणि पुन्हा पहाटेपासून, असं ११ तारखेपर्यंत चाललं. फौज राजौरीला पोहोचली. राण्यांना परमवीरचक्र मिळालं. १९९४ साली पुण्यातच त्यांचं निधन झालं.

एक गोष्ट लक्षात घ्या. दोघांनीही जखमी असताना काम थांबवलं नाही. युद्धात याला शौर्य म्हणतात आणि ते योग्यच आहे, कारण तिथे प्रत्येक तासाला मागच्या हजारो माणसांचा जीव टांगणीला लागलेला असतो. पण युद्ध संपल्यावर, शेत किंवा शाळेचं मैदान साफ करताना हाच नियम लावला तर? तिथे थकलेल्या, कान फाटलेल्या माणसाने काम चालू ठेवणं हाच अपघाताचा सरळ रस्ता. पुढचा इतिहास या फरकाचा आहे.

सुरुंग शरीराचं काय करतो

आधी थोडं वैद्यकीय समजून घेऊ.

भगतांच्या कानापासून सुरुवात करू. स्फोट झाला की हवेच्या दाबाची एक लाट सुटते. शरीरात जिथे हवा असते तिथे तिचा पहिला तडाखा बसतो: कान, फुफ्फुसं, आतडी. यांत कानाचा पडदा सर्वांत नाजूक. फुफ्फुसाला इजा करायला जेवढा दाब लागतो, त्याच्या काही अंशातच पडदा फाटतो. फाटलेला पडदा बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी मात्र एकदा मेल्या की परत येत नाहीत. त्यामुळे पडदा बरा झाला तरी कानात शिट्टी वाजत राहते, गर्दीतलं बोलणं समजत नाही. आणि उलट बाजूही ध्यानात ठेवा: कानाचा पडदा शाबूत आहे म्हणून फुफ्फुसं सुरक्षित आहेत असं समजायचं नाही. फुफ्फुसाची इजा काही तासांनीही दम लागण्याच्या रूपाने समोर येऊ शकते.

आता पायाखाली फुटणारा सुरुंग. 'एम १४' या जातीचा सुरुंग छोट्या चहाच्या कपात मावेल एवढा असतो. त्यात स्फोटक असतं जेमतेम ३० ग्रॅम. माणूस मारणं हा त्याचा उद्देशच नाही. त्याला पाय घ्यायचा असतो. एक जखमी माणूस उचलायला आणखी दोन-चार जण लागतात, हा त्यामागचा थंड हिशेब. स्फोटाच्या जोराने माती, गवत, बुटाचे तुकडे, हाडाचे कण स्नायूंच्या थरांमधून वर, गुडघ्यापर्यंत घुसतात. छत्री उघडावी तसे स्नायू बाजूला फाकतात आणि मग परत मिटतात. घाण आतच राहते. बाहेरून जखम घोट्यापाशी दिसते, आतलं नुकसान पोटरीपर्यंत गेलेलं असतं. म्हणून शल्यचिकित्सक दिसणाऱ्या जखमेच्या वर कापतात, मेलेले स्नायू काढतात आणि जखम लगेच शिवत नाहीत. चार-पाच दिवस उघडी ठेवून मगच बंद करतात. घाईने शिवलेल्या अशा जखमेत धनुर्वात आणि गॅस गँगरीनचे जंतू आरामात वाढतात.

रेडक्रॉसचे शल्यचिकित्सक रॉबिन कूपलँड यांनी सुरुंगाच्या जखमांचे तीन प्रकार मांडले. पहिला, सुरुंगावर पाय पडणं: यात पाय जातो. दुसरा, जवळ सुरुंग फुटून तुकडे लागणं: यात अंगभर जखमा होतात. तिसरा, सुरुंग हाताळताना तो फुटणं: यात हात आणि चेहरा जातो, आणि चेहऱ्याबरोबर डोळे. सुरुंग काढणाऱ्यांचा धोका प्रामुख्याने हा तिसरा आहे, आणि खेळणं समजून सुरुंग उचलणाऱ्या लहान मुलांचाही हाच.

अशा जखमींना पुन्हा उभं करणारी संस्थाही आपल्या पुण्यातच आहे. १९४४ साली, महायुद्ध चालू असताना सुरू झालेलं कृत्रिम अवयव केंद्र. युद्धांत पाय गमावलेले किती तरी जवान इथून चालत बाहेर पडले. सामान्य नागरिकांनाही तिथे कृत्रिम अवयव मिळतात.

शौर्याकडून शिस्तीकडे

१९८० च्या दशकाच्या शेवटी अफगाणिस्तानातून सोव्हिएत फौजा निघाल्या आणि मागे सुरुंगांनी भरलेली शेतं राहिली. ती साफ करायला बिगरलष्करी संस्था पुढे आल्या. मग कंबोडिया, अंगोला, मोझांबिक. सैन्याला फक्त पुढे जाण्यापुरती वाट हवी असते. शेतकऱ्याला मात्र सगळं शेत हवं. शंभर सुरुंगांतले ९५ काढले तर सैन्याचं काम होईल, पण उरलेल्या पाचांमुळे त्या शेतात औत घालता येणार नाही. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सुरुवातीच्या मानकांत ९९.६ टक्के सफाईचा आकडा आला आणि पुढच्या मानकांत तर ठरवलेल्या खोलीपर्यंतचा प्रत्येक सुरुंग निघाला पाहिजे असं ठरलं.

१९९७ च्या जानेवारीत अंगोलात डोळ्यांपुढे पारदर्शक ढाल आणि अंगात चिलखत घालून चालणाऱ्या राजकन्या डायनाचा फोटो तुम्ही पाहिला असेल. त्याच वर्षी सुरुंगबंदीचा ओटावा करार झाला आणि त्यासाठी झटणाऱ्या चळवळीला व तिच्या समन्वयक जोडी विल्यम्स यांना शांततेचं नोबेल मिळालं. भारत या करारात नाही. पण सुरुंग धातुशोधकाला सापडेल इतका धातू त्यात असलाच पाहिजे, अशी अट घालणारा दुसरा आंतरराष्ट्रीय नियम भारताने मान्य केला आहे.

डायनाच्या त्या ढालीमागे मोठा अभ्यास आहे. सुरुंग काढणाऱ्यांच्या अपघातांच्या नोंदी जगभरातून गोळा केल्या गेल्या. कुणाला दोष द्यायचा म्हणून नव्हे, पुढच्याचा जीव वाचावा म्हणून. त्यातून दिसलं की सर्वाधिक अपघात गुडघ्यावर बसून हातातल्या अवजाराने माती उकरताना होतात. काही वेळा ढाल होती, पण कपाळावर सरकवलेली. कारणं ओळखीची आहेत: उकाडा, ढालीवर चढणारी वाफ, ओरखडे पडून धूसर झालेली काच. काही वेळा अवजार इतकं आखूड की हात थेट स्फोटावरच.

त्यावरून नियम बदलले. अवजारं लांब दांड्याची झाली. ती आडवी, जमिनीला तिरकी धरून बाजूने उकरायचं ठरलं. अंगावरचं संरक्षण ६० सेंटिमीटरवर फुटणाऱ्या २४० ग्रॅम टीएनटीला तोंड देईल असं मानक आलं. दोन कामगारांत ठरावीक अंतर, ठरावीक वेळाने सक्तीची विश्रांती, आणि जागेवर प्रथमोपचार करणारा माणूस व वाहन तयार असल्याशिवाय काम सुरूच करायचं नाही. भगतांसारखा विश्रांती नाकारणारा माणूस या कामात आला तर त्याचा आदर ठेवूनही त्याला घरी पाठवलं जाईल.

भारतातल्या निवृत्त सैनिकी अभियंत्यांनीही हे काम केलं. 'होरायझन' आणि 'सर्वत्र' या दोन भारतीय संस्थांनी श्रीलंकेच्या उत्तर भागात सुरुंग काढले. आपल्या दिघीच्या संशोधन आणि विकास आस्थापनेत 'दक्ष' हा दुरून चालवायचा यंत्रमानव तयार झाला. संशयास्पद वस्तूपाशी आधी यंत्राने जायचं आणि माणसाने लांब राहायचं. २०११ साली त्याची पहिली खेप सैन्याला मिळाली. माझ्या मते सुरक्षेचा सगळा इतिहास या एका वाक्यात येतो: माणूस आणि स्फोट यांच्यातलं अंतर वाढवत नेणं.

आपल्या घरातलं उदाहरण

संसदेवरच्या हल्ल्यानंतर २००१-०२ मध्ये 'ऑपरेशन पराक्रम' झालं. राजस्थान, पंजाब, जम्मूच्या सीमेवर लाखो सुरुंग पेरले गेले. युद्ध झालंच नाही, पण सुरुंग पेरताना आणि नंतर काढताना जवान मेले, जायबंदी झाले. शेतकऱ्यांचे पाय गेले, गुरं मेली. वाळू सरकते, पावसाने माती वाहते, बर्फ वितळतं आणि सुरुंग नकाशावरची जागा सोडून दुसरीकडे जातो. काश्मीरमध्ये असे वाहत आलेले सुरुंग अजूनही बळी घेतात.

महाराष्ट्रातलं उदाहरण वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावचं. तिथे सैन्याचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथल्या एका गोदामाला आग लागली. ती विझवायला गेलेल्यांपैकी अनेक जण स्फोटात मृत्युमुखी पडले. त्यांत दोन अधिकारी होते, अग्निशमन दलाची माणसं होती, जवान होते. त्यानंतर सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांमधून पाझरणाऱ्या टीएनटीकडे बोट दाखवलं गेलं. म्हणजे कुणीही न पेरलेला, गोदामात ठेवलेला सुरुंगही माणसं मारू शकतो.

दुसरी घटना २० नोव्हेंबर २०१८ ची. त्याच भांडाराच्या सोनेगाव आबाजी परिसरातल्या मैदानावर जुना दारूगोळा नष्ट करण्यासाठी आणला होता. पेट्या उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. एक जण जबलपूरच्या खमरिया आयुध कारखान्याचा कर्मचारी होता. बाकीचे बहुतेक आसपासच्या गावांतले रोजंदारीवरचे मजूर.

या दुसऱ्या घटनेकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. भगत आणि राणे प्रशिक्षित अधिकारी होते. अंगोलातल्या कामगाराला ढाल होती, शेजारी रुग्णवाहिका होती. रोजावर पेट्या उतरवणाऱ्या माणसाला आपण काय उचलतोय हे तरी कुणी नीट सांगितलं असेल का? धोका तोच, स्फोटक तेच. फरक फक्त माणसाच्या किमतीत केलेला. सुरक्षेचे नियम कायम नोकरीवाल्याला एक आणि कंत्राटी माणसाला दुसरे असू शकत नाहीत, कारण दाबाची लाट हजेरीपत्रक बघून येत नाही.

आणि हे फक्त सैन्यापुरतं नाही. २००४ साली गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारातले जिवंत गोळे फुटून दहा कामगार मेले. आपल्या पट्ट्यात भंगाराची दुकानं, गोदामं आणि फाउंड्री काही थोड्या नाहीत. अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजच्या परिसरात गोळ्यांचं भंगार गोळा करताना गावकऱ्यांचे जीव गेले आहेत. आणि डिसेंबर २०२३ मध्ये तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या जागेत आग लागली, त्यात महिला कामगारांचे बळी गेले, ते तुम्हाला आठवत असेलच.

जगाचा आकडाही सांगतो. 'लँडमाइन मॉनिटर'च्या नोंदींनुसार २०२३ साली सुरुंग आणि न फुटलेल्या दारूगोळ्यामुळे ५,७५७ माणसं मेली किंवा जखमी झाली. त्यांत ८४ टक्के सामान्य नागरिक होते.

तुम्ही काय करायचं

भंगारात, शेतात, खोदकामात किंवा नदीकाठी गोळा, काडतूस, पंख असलेली धातूची वस्तू दिसली तर:

- हात लावू नका, ठोकू नका, पाणी ओतू नका. गंजलेली म्हणजे निकामी, असं कधीच समजू नका.
- आल्या पावली मागे फिरा, इतरांना लांब ठेवा आणि ११२ वर कळवा. बॉम्बशोधक व नाशक पथक येईपर्यंत कुणालाही जवळ जाऊ देऊ नका.
- फाउंड्रीत बंद तोंडाची नळी, सिलिंडर किंवा अनोळखी धातूचा डबा भट्टीत टाकू नका. पर्यवेक्षक घाई करत असला तरीही.

स्फोट झालाच तर:

- आधी जागा सुरक्षित आहे का ते बघा. दुसरा स्फोट होऊ शकतो. मग १०८ ला फोन करा.
- हातापायातून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जोरात दाबून धरा. तरी थांबत नसेल तर जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही, रुंद पट्टी बांधा आणि काठी घालून पिळा. तार किंवा सुतळी वापरू नका. वेळ लिहून ठेवा आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत ती सैल करू नका.
- डोळ्याला लागलं असेल तर चोळू नका, रुतलेलं काही काढू नका. वर कागदी कप ठेवून झाका.
- कानात थेंब, तेल, पाणी काही घालू नका.
- बोट तुटलं असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात नको.
- 'काही लागलं नाही' म्हणणाऱ्यालाही तपासणीला आणा. दम लागणं, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त, पोटदुखी, ऐकू न येणं, यातलं काहीही दुसऱ्या दिवशी सुरू झालं तरी लगेच या.
- धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका.
- झोप न लागणं, आवाजाने दचकणं, कामावर जायची भीती वाटणं हेही जखमेचंच लक्षण आहे. एक महिना उलटूनही ते राहिलं तर डॉक्टरांना सांगा. भित्रेपणा म्हणून लपवू नका.

चाकणच्या प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्या माझ्या रुग्णांना मी एकच प्रश्न विचारतो: गॉगल आहे का, आणि असला तर तो डोळ्यांवर आहे की डोक्यावर? उत्तर बहुतेकदा हसून मिळतं. घाम येतो, वाफ धरते, दिसत नाही. अंगोलातला तो कामगारही हेच म्हणत होता. त्याच्या तक्रारीवर उपाय म्हणून चांगली ढाल आली, विश्रांतीची वेळ आली. त्याला 'शूर हो' असं कुणी सांगितलं नाही. तुमचा गॉगल वापरता येत नसेल तर तो बदलून मागा, लेखी मागा. थोडक्यात टळलेल्या अपघाताची नोंद करायला लावा. आणि थकला असाल, कानात आवाज येत असेल, हात थरथरत असेल तर मशीन थांबवून सांगा. कारखान्यात व्हिक्टोरिया क्रॉस मिळत नाही, आणि तो तिथे कुणाला मिळवावा लागू नये यासाठीच सगळे नियम असतात.